टॅक्सी ऑफिसातला नवा फोन

पेरेइरा शहरातल्या एका टॅक्सी कंपनीचं ऑफिस नोराल्बा सांभाळायची. ऑफिस म्हणजे गॅरेजच्या वरची एक खोली आणि फोनवर बसणारी ओतिलिया. गिऱ्हाइकाकडून पत्ता घ्यायचा आणि वॉकीटॉकीवरून जवळच्या ड्रायव्हरला कळवायचा, हे ओतिलियाचं काम. इतकी वर्षं ते बिनबोभाट चाललं होतं. अलीकडे मात्र गाड्या भलत्याच दारात जाऊन उभ्या राहायला लागल्या. त्या आठवड्यात तर डायलिसिसला निघालेले एक म्हातारे गृहस्थ फुटपाथवर ताटकळत राहिले. त्यांच्या मुलीनं फोनवर जे सुनावलं ते नोराल्बानं निमूट ऐकून घेतलं. वाद घालायचं त्राणच नव्हतं.

"लाइन खराब आहे," ओतिलिया म्हणाली. "नुसती खरखर."

मालक म्हणाले, "जुनी लाइन काढून टाक. इंटरनेटवरचा फोन घे, मोठ्या स्क्रीनचा." आणि निवड नोराल्बाच्या गळ्यात घालून ते मोकळे झाले.

फाब्रिसियो नावाचा विक्रेता तीन फोन घेऊन आला. टेबलावर मांडून त्यानं ते इंटरनेटला जोडले. पहिला अगदी साधा. दुसऱ्यावर छोटी स्क्रीन, फोन करणाऱ्याचं नाव आणि पत्ता दाखवणारी. तिसऱ्याला कॅमेरा होता.

"मॅडम, तिन्ही जलद आहेत," तो म्हणाला. "कॉम्प्युटर याच तारेवर लावा, दोन्हींचा वेग तसाच राहतो. कॅमेऱ्यावाल्यात तर समोरच्याचा चेहरा दिसतो."

"टॅक्सी बोलावणाऱ्याला आमचं तोंड कशाला बघायचंय?" नोराल्बा म्हणाली. "तू खाली जा आणि मोबाइलवरून पत्ते सांग."

पहिल्या फोनवर ती स्वतः बसली. फाब्रिसियो शेजारी बसून बोलतोय इतका आवाज स्वच्छ. खालचं इंजिनसुद्धा ऐकू येत होतं. मग तिनं त्याच फोनचा रिसीव्हर ओतिलियाच्या हातात दिला. ओतिलियानं तो उजव्या कानाला लावला, लगेच डाव्याला नेला आणि पत्ता लिहिला. गल्ली चुकली होती. दुसऱ्या वेळी घराचा नंबर चुकला.

"यातही खरखर आहे," ओतिलिया म्हणाली.

 नोराल्बानं फाब्रिसियोला उद्या कळवते असं सांगून वाटेला लावलं, दोन कप काळी कॉफी ओतली आणि ती खुर्ची ओढून ओतिलियाजवळ बसली.

"ओतिलियाबाई, खरखर नाहीये."

"मला माहितीये," ओतिलिया म्हणाली. "उजवा कान गेला. डावाही चाललाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? पेन्शनला थोडंच राहिलंय. बहिऱ्या बाईला फोनवर कोण ठेवतं? तू ठेवली असतीस?"

नोराल्बानं नजर कॉफीच्या कपाकडे वळवली, आणि ते ओतिलियाच्या लक्षात आलं. ती उठून खिडकीशी गेली. वॉकीटॉकीवर कुणीतरी हाका मारत होतं. उत्तर नोराल्बानं दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं छोट्या स्क्रीनचा फोन घेतला. त्याचा आवाज बराच मोठा करता यायचा आणि दोन्ही कानांवर बसणारा हेडफोनही जोडता यायचा. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे पत्ते तिनं स्वतः त्यात भरले. कॅमेऱ्याचा का घेतला नाही म्हणून मालक कुरकुरले. तिनं त्यांना कानाचं सांगितलं. लपवाछपवी करायचंही तिला त्राण नव्हतं. ते म्हणाले, "बघू, महिनाभर चालवून बघू."

मालकांना सांगितलं म्हणून ओतिलियानं तिच्याशी बोलणं टाकलं. काम मात्र नीट व्हायला लागलं. नव्या गिऱ्हाइकाचा पत्ता ती आता दोनदा विचारून घ्यायची, तेही तिला झोंबायचं.

शेवटी एका दुपारी तीच नोराल्बाच्या टेबलाशी आली.

"गुरुवारी कान तपासायला बोलावलंय. एकटी गेले तर माझं नाव पुकारलेलं ऐकूच यायचं नाही मला."

"येते मी," नोराल्बा म्हणाली आणि गुरुवारी फोनवर कोणाला बसवावं याचा विचार करायला लागली.