साबूच्या पाठीवरचा पंचा

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे. खरं सांगायचं तर पंच्याचा आठवा हिस्सा. बाकीचे सात भाऊ बाल्कनीतल्या दोरीवर वाळताहेत. बोलायचा मान माझा, कारण त्या दिवशी सशाच्या पाठीवर बसलं ते टोक माझं होतं.

जन्म सोलापूरचा. मागावर इतके ठोके खाल्ले की मार म्हणजे काय, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक. मीनाक्षीताईंच्या आईनं मला लेकीच्या सामानात घातलं आणि मी दिल्लीला आलो. तेव्हा ताईंची मुलगी रेवती तान्ही होती. ताई पाय पसरून बसायच्या, तिला पायांवर घेऊन डाळीचं पीठ नि साय लावायच्या, कढत पाण्यानं न्हाऊ घालायच्या आणि मला घेऊन खसाखसा पुसायच्या. श्रीखंडाचा चक्काही माझ्यातच टांगायच्या. "असा मऊ पंचा इथे मिळायचा नाही," असं शेजारणींना सांगायच्या. मी आपला फुगून जायचो.

रेवती मोठी झाली तसे दिवस बदलले. तिचे बाबा, गुणवंतराव, सरकारी नोकरी सोडून एका परदेशी कंपनीत लागले. क्वार्टर गेलं, गुडगावात नवा फ्लॅट आला. लिफ्ट आली, गालिचा आला, कॉम्प्युटर आला आणि त्यांच्यामागोमाग रावांचा संतापही आला. आंघोळीहून निघाले की मला ओलाच दोन्ही हातांनी पीळ द्यायचे आणि सटकन हाणायचे. आधी भिंतीवर, मग खुर्चीवर, मग एकदा रेवतीच्या पोटरीवर. चार दिवस निळा वळ होता. मऊ म्हणून नावाजलेला मी, पिळल्यावर चाबूक होतो हे मला तेव्हा कळलं. फार लाज वाटली.

रेवतीकडे ससा होता. साबुदाण्यासारखा पांढरा, म्हणून साबू. एका सकाळी त्यानं टेलिफोनची वायर कुरतडली. इंटरनेट त्याच वायरवर चालायचं, रावांची ऑफिसची महत्त्वाची मेल अडकली. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साबू सोफ्याखाली घुसत होता, तेवढ्यात मी त्याच्या कमरेत बसलो. ससे कधी ओरडत नाहीत म्हणतात. साबू किंचाळला. शाळेचं दप्तर पाठीला लावून रेवती दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं आणि भीतीनं तोंड मिटून घेतलं.

त्या दिवसापासून साबू मागचे पाय ओढत चालू लागला. लघवी आपोआप गळायची, गालिचा भिजायचा.

"मुद्दाम करतोय यार हा," राव म्हणायचे आणि पुन्हा मला पीळ द्यायचे. जितके डाग, तितके फटके.

ताईंना साबूची दया यायची, पण त्यांना एकच रीत माहीत होती. त्यांनी त्याला बाळासारखं पायांवर घेतलं. रोज डाळीचं पीठ, रोज कढत पाणी, वर माझी खसाखसा घासणी आणि पावडर. सशाची कातडी कागदासारखी पातळ. आठ दिवसांत मांड्यांवरचे केस गेले, पंधराव्या दिवशी कातडी सोलून मलाच चिकटून आली. खाली लाल मांस. त्यावर माशा बसू लागल्या. साबूनं खाणं सोडलं.

रेवतीनं दोन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे गाडी निघाली. दिल्लीतल्या मुनिरक्यात प्राण्यांच्या डॉक्टर होत्या, वीणा नावाच्या. साबूला माझ्यात गुंडाळून नेलं होतं. त्यांनी पाठ चाचपली, एक्स-रे काढला.

"पीठ पर चोट है, पुरानी. इसी से पेशाब टपकता है. गिरा था क्या?"

"हां, सोफे से," राव म्हणाले.

"नहीं," रेवती म्हणाली. "बाबा ने मारा. इसी तौलिए से."

मग डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं ते असं. आंघोळ बंद, पावडर बंद. जखमेभोवतीचे केस कापा, भिजला की कोमट पाण्यानं तेवढीच जागा धुवा. घासू नका, टिपा. पूर्ण कोरडं झालं की मलमाचा पातळ हात. बिछाना ओला दिसला की बदला. "और मारना बिल्कुल बंद. नहीं तो ये नहीं बचेगा."

राव सगळ्यांना घेऊन घरी आले. दार लागलं आणि त्यांनी मला साबूखालून खेचलं.

"डॉक्टरसमोर माझी इज्जत काढतेस?"

मला पीळ बसला. रेवती भिंतीला टेकली. फटका सुटला, पण मध्ये ताई आल्या आणि मी त्यांच्या गालावर उमटलो. त्यांनी गालाला हातही लावला नाही. माझं टोक धरलं, दातात घेतलं आणि टर्रकन फाडलं. पुन्हा फाडलं. आठ तुकडे झाले, एकेक हातरुमालाएवढा.

"आता द्या पीळ," त्या म्हणाल्या.

मला फाटताना दुखलं, खोटं कशाला बोलू. पण इतक्या वर्षांत इतक्या मायेनं मला कुणी हाताळलं नव्हतं.

दोन महिन्यांनी साबूच्या मांड्यांवर गुलाबी कातडी धरली, मग लव आली. पाय मात्र ओढतोच. परवा ताई बाहेर गेल्या होत्या आणि साबू भिजला. रावांनी मला उचललं. सवयीनं त्यांचे हात पिळू लागले, पण हातरुमालाएवढ्या फडक्याचा चाबूक होईना. ते खालीच बसले. मला कोमट पाण्यात बुडवून हळूहळू टिपू लागले. साबू त्यांच्या हाताखाली थरथरत होता.

"अजून घाबरतो गं," ते म्हणाले.

"घाबरणारच, बाबा," रेवती म्हणाली. "तुम्ही टिपत राहा."

मित्रांनो, कुणी भिजलं तर रागावण्याआधी ते का भिजलं ते बघा. आणि घरातल्या पंच्याला पीळ द्या तो पाणी काढण्यापुरता, मग झटकून सरळ वाळत घाला. राव आता मला रोज तसंच वाळत घालतात. साबूची थरथर मात्र अजून थांबलेली नाही. रोज टिपताना ती मला कळते, आणि आता ती त्यांनाही कळते.