हिरव्या लुगड्याची गाठ

मी गालिचा बोलतोय, आणि गोड बोलायचा माझा विचार नाही. पनवेलच्या बंदराकडून गाढी नदीकडे जाणाऱ्या वाटेवर मालूची धुलाईची शेड आहे. तिथं बांबूच्या ताटीवर मी पडून असतो. माझा लाल रंग आता विटकरी झालाय आणि एक कोपरा उंदरांनी खाल्लाय. स्मरणशक्ती मात्र शाबूत आहे. मनातला राग तर नव्यासारखा आहे.

माझा जन्म येरवड्याच्या तुरुंगातला. ज्यानं मला विणलं तो जन्मठेपेचा कैदी होता. कामाच्या वेळी तो कुणाशी बोलायचा नाही. ज्या माणसानं त्याला आत घातलं, त्याचं नाव तेवढं मधूनमधून पुटपुटायचा. लहानपणी कानावर पडतं ते अंगात मुरतं. डूक धरायला आणि वाट बघायला मी त्याच्याकडूनच शिकलो.

पुढं मुंबईच्या एका साहेबाच्या बंगल्यात बुटांखाली काही वर्षं काढली. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा सामानाचा लिलाव झाला आणि पनवेलच्या कमळाकरशेठनं मला उचललं. शेठची भाताची गिरणी होती, मिठाचा व्यापार होता आणि बंदराजवळ दुमजली घर होतं. त्यानं मला दिवाणखान्यात अंथरलं आणि स्वतः मात्र माझ्या कडेकडेनं चालायचा. पाहुण्यानं पाय ठेवला की याच्या कपाळाला आठी पडायची. त्याचा माझ्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. तेच पुढं एका माणसाच्या जिवावर बेतलं.

शेठच्या घरी पावसाळ्यात तुळशीराम कामाला असायचा. एरवी तो शेठच्याच होड्यांवर मिठाच्या गोणी भरायचा. पावसात मिठागरं बंद, म्हणून घरकाम. डावखुरा, सडपातळ, सदा हसतमुख. त्याची बायको मालू केरवारे करायची. मला झाडताना ती जरा जोरातच झाडायची, पण मला ते आवडायचं.

मिठाच्या होड्यांवर एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गोणीचं तोंड जो बांधेल, त्याची गाठ त्याची एकट्याची. माल उतरवताना गाठ बघून गोणी कुणाची ते ओळखायचं. दुसऱ्याची गाठ मारणं म्हणजे न विचारता त्याच्या घरात शिरणं, असं ही माणसं मानत. तुळशीरामाची गाठ डाव्या हाताची होती. दोन उलटे वेढे आणि शेपूट आत खोचलेलं. पनवेलपासून उरणपर्यंत तशी गाठ दुसऱ्या कुणाची नव्हती.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी, श्रावणातल्या अमावास्येला, उधाणाची भरती आणि डोंगरातून आलेला लोंढा भरदुपारी एकमेकांना भिडले. बघता बघता खाडी घरात शिरली. शेजारपाजारचे लोक आधीच उंचावर गेले होते. शेठ गेला नव्हता, कारण शेठला सामान सोडवत नव्हतं. मालूला तुळशीरामानं सकाळीच गावी पाठवलं होतं. घराचा जिना लाकडी, बाहेरून होता. शेठ आणि त्याची बायको गंगाबाई वरच्या सज्जात उभे होते, आणि खाली छातीभर पाण्यात तुळशीराम.

"गालिचा, तुळशीराम, गालिचा गुंडाळ," शेठ वरून म्हणाला.

जिना तोवर हलायला लागला होता. मला खांद्यावर घेऊन त्यावरून चढणं शक्य नव्हतं. वर दोर नव्हता. शेठनं गंगाबाईंचं वाळत घातलेलं हिरवं नऊवारी लुगडं ओढलं, त्याला पीळ दिला आणि खाली सोडलं. तुळशीरामानं मला मधोमध वेढा घालून आपली गाठ मारली. शेठनं ओढलं. वर जाताना मी खाली बघत होतो. तुळशीरामानं मला दोन्ही हातांनी वर ढकललं, आणि मग तेच हात तसेच वर धरून तो उभा राहिला.

"शेठ, आता मना वर घ्या."

गंगाबाई म्हणाल्या, "अहो, त्याच्याकडे सोडा लुगडं."

शेठ माझ्यावर ओणवा झाला होता. माझी कड कठड्याला घासून उसवली होती, तिच्यावरून तो बोट फिरवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "थांब जरा."

तुळशीराम थांबला. तो शेठचं ऐकणारा माणूस होता. तेवढ्यात जिना सुटला, आणि त्याच्याबरोबर तोही गेला. ओहोटीनं दोघांना खाडीत नेलं. जिन्याच्या फळ्या पुढं जासईकडे सापडल्या, तुळशीराम सापडला नाही.

पाणी उतरल्यावर लोक चौकशीला आले. शेठनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "ऐन वेळी नोकर पळाला हो. मालकाला बुडत सोडून पळाला." गंगाबाई आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी सज्जात ओला, गुंडाळलेला, कमरेला ती गाठ घेऊन पडलो होतो. त्या दिवशी मला तोंड असतं तर मी शेठला चावलो असतो.

मालूचे हाल काय सांगू? मढं नाही, तर सुतक नाही. जातीतली वडीलमाणसं म्हणाली, पळालेला माणूस परत येतो, बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा जाळून दिवस घालायचे. तोवर कुंकू लावायचं. तिनं कुंकू लावलं की बाया हसायच्या. कुणी म्हणे तो उरणला दिसला, कुणी म्हणे त्यानं दुसरी बायको केली. तुळशीरामाचा थोरला भाऊ काशिराम होडीवर मान खाली घालून काम करायचा. त्याला 'पळपुट्याचा भाऊ' म्हणायचे. मालूला नवऱ्याचे दिवस घालायचे होते, पण पळपुट्याचे नव्हे, कामावर बुडालेल्या माणसाचे. तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

शेठचं काम तिनं सोडलं. पण पोट होतं. पनवेलभर घरोघरी जाजमं, सतरंज्या, गाद्या खाडीच्या गाळानं भरून कुजत पडल्या होत्या. परीट हात लावेनात, म्हणत की हे आमच्यानं उचलायचं नाही. मालूनं काशिरामाला गाठलं.

"भावोजी, मिठागरं बंद हायेत, तुमी नि बैलगाडी दोगंबी रिकामी. आपुन धुवू."

"दुसऱ्याचा गाळ धुवाचा?"

"गाळच हाय. नावावं पडलंय त्याच्यापरीस बरा."

अशी धुलाई सुरू झाली. गाढीच्या कातळावर, भरतीचं पाणी जिथं पोचत नाही तिथं, ती दोघं जाजमं अंथरायची. आधी गाळ झोडायचा, मग रिठ्याच्या पाण्यानं चोळायचं, मग मीठ ओढायची लाकडी फळी फिरवून पाणी काढायचं. शेवटचं पाणी गोडं, आणि तेही पुरेपूर. लोकरीत खार राहिला की हवा दमट झाल्याबरोबर ती पुन्हा ओल ओढते. वाळवायचं बांबूच्या ताटीवर तिरपं, आणि खालून कडुनिंबाचा धूर. ओल्या भिंतीसुद्धा ती शेगड्या लावून वाळवून द्यायची. पहिल्यांदा डॉक्टरांच्या दवाखान्यातलं जाजम आलं, मग कापडवाल्याचं, मग मशिदीच्या चटया. पुढं पुढं पनवेलीत कुठं पाणी शिरलं की लोक म्हणायचे, मालूला बोलवा. काम चोख, म्हणून माणसं कुजबुजत का होईना, पण यायची.

आणि एक दिवस गंगाबाईंनी मला तिच्याकडे धाडलं. लुगड्याचं वरचं टोक शेठनं कठड्यापाशी कापलं होतं, पण माझ्या कमरेचा फास तसाच होता. ओल्यात आवळलेली गाठ शेठच्यानं सुटली नव्हती. मालूनं मला कातळावर ठेवलं, गाठ बघितली आणि तिच्या उलट्या वेढ्यांवरून बोट फिरवलं. लग्न झाल्यापासून घरातल्या मिठाच्या गोण्या ती सोडत आली होती. ती रडली नाही. तिनं फास न सोडता मला एका टोकानं ओढून त्यातून बाहेर काढलं, आणि लुगडं पदराआड घेतलं. घरी भाताच्या कणगीत ते तळाशी गेलं.

काशिरामाला तिनं सांगितलं नाही. मला चोळता चोळता मलाच म्हणाली, "आज दाखवली तं शेठ म्हनंल, गाठ आदीची हाय, बांधून पळाला. भावोजी कोयता घेऊन जातील नि जेलात बसतील. नाय. गाठ पान्यात मारली, ते शेठच्याच तोंडून येऊ दे."

मग तिनं शेवटचं गोडं पाणी मला घातलंच नाही. संध्याकाळच्या भरतीला मला खाडीत बुचकळलं आणि तसंच वाळवलं. मी कडक उन्हात छान वाळलो. शेठ खूश झाला. पुढच्या ज्येष्ठात मला घाम फुटला. आषाढात मी असा वास सोडला की दिवाणखान्यात कुणाला बसवेना. तुम्हाला वाटेल बिचारा गालिचा, त्याला काय कळतंय. मला सगळं कळत होतं, आणि मी जीव ओतून घाण मारत होतो.

त्यामुळं दर पावसाळा संपला की शेठला मालूची गरज लागायची. तो लोकांना सांगायचा, "नवऱ्यानं दगा दिला, तरी मी हिला काम देतो." ती मला परत आणून अंथरायची, आणि बैठकीत पाहुणे असले की दारातून गरीब चेहरा करून विचारायची, "शेठ, त्या दिसाची गोष्ट सांगा ना पावन्यांना." शेठला सांगायला फार आवडायचं. पहिल्या वर्षी गोष्टीत त्यानं नुसता वरून दोर टाकला होता. दुसऱ्या वर्षी तिनं विचारलं, "पर खाली गाठ मारायला कोन होता?"

शेठनं पाहुण्यांकडे एक नजर टाकली. मग म्हणाला, "कोण असणार? मीच उतरलो. बायकोच्या हिरव्या लुगड्याचा दोर केला, गळ्याइतक्या पाण्यात गाठ मारली, वर आलो आणि ओढला."

तेव्हापासून दर वर्षी पाणी वाढत गेलं आणि शेठ जास्त जास्त शूर होत गेला. सगळ्या पनवेलीला ती गोष्ट पाठ झाली. मालू प्रत्येक वेळी मान डोलवायची, घरी जाऊन कणगीत हात घालून लुगडं चाचपायची, आणि मला मात्र दर वर्षी खाऱ्या पाण्यात बुचकळायची.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी बारा वर्षं पुरी झाली. दिवाळीनंतर शेठच्या मुलीचा साखरपुडा निघाला. अलिबागची पाहुणेमंडळी माझ्यावर बसली होती. ओसरीवर शेठच्या होड्यांवरची माणसं जेवायला बोलावली होती, त्यांत काशिराम होता. मुलाच्या वडिलांनी माझ्यावरून हात फिरवला आणि चौकशी केली. शेठनं घसा खाकरला. या वेळी पाणी डोक्यावरून गेलं होतं.

गोष्ट संपल्यावर मालू दारातून आत आली. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं.

"शेठ, म्हंजे गाठ तुमच्याच हातची."

"माझ्याच हातची. किती वेळा सांगू?"

"मंग ही घ्या. मी जपून ठेवली."

तिनं ते हिरवं लुगडं माझ्यावर ठेवलं. रंग उडाला होता, पण गाठ तशीच आवळलेली होती. ओसरीवरचा काशिराम उठून दारात आला. तो वाकला आणि गाठीवर त्यानं बोट ठेवलं. मागून एकेक करून होडीवरची माणसं येऊन बघून गेली. प्रत्येकानं ती गाठ ओळखली.

"ही तुळशीरामाची," काशिराम शेवटी म्हणाला. "माजा भाऊ खाली व्हता."

शेठ हसायला गेला. "कुठलं तरी चिंधूक आणलंय हिनं. हे लुगडंच आमचं नव्हे."

तेव्हा आतल्या दाराचा पडदा सरकला. गंगाबाई बारा वर्षांत त्या गोष्टीच्या वेळी कधी बैठकीत आल्या नव्हत्या. त्या आल्या, आणि हळदीकुंकवाला बोलवावं तितक्या साध्या आवाजात बोलल्या.

"लुगडं माझं आहे. तुळशीरामानं बांधलं. मग त्यानं हात वर केले होते, आणि हे गालिच्याची कड बघत होते. हे त्याला म्हणाले, थांब जरा."

अलिबागचे पाहुणे उठले. एकेकजण माझ्यावरून खाली उतरला, जसं काही माझ्याखाली पाणी होतं. शेवटी माझ्यावर शेठ एकटाच उभा राहिला. खरं सांगतो, इतकं सुख मला विणतानाही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला उकिरड्यावर टाकलं. मालू मला घेऊन आली आणि पहिल्यांदाच गोड्या पाण्यात धुतलं, खार पुरता निघेपर्यंत. गाढीच्या काठी तुळशीरामाचे दिवस झाले. होडीवरचे सगळे आले, आणि जेवणाची पंगत माझ्यावर बसली. मालूनं त्या दिवशी स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं. मग ती रडली, मोठ्यानं, बारा वर्षांचं.

तुम्ही कुणाच्या घरी गेलात आणि यजमान वाचवलेल्या वस्तूचं कौतुक सांगू लागला, तर माझी एक विनंती आहे. खाली कोण होतं ते विचारा.

परवाच्या पावसात पुन्हा उधाण आलं. शेठच्या घरात कमरेइतका गाळ शिरला. मालूनं सगळ्या आळीत गाडी फिरवली, पण त्याच्या दाराशी थांबवली नाही. पनवेलीत दुसरं कुणी हे काम करत नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला. भिजलेलं धोतर, चिखलानं भरलेले पाय. शेडच्या बाहेर पावसात उभा राहून त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"मालू, घर कुजतंय. चल एकदा."

मालू ताटीवर माझी उसवलेली कड शिवत होती. तिनं मान वर केली नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली.

तो अजून उभा आहे. मला इथून दिसतोय.