सोनाळ्याच्या अंगणात दिलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. माझा निळा रंग विटला आहे, सीट दोन ठिकाणी उसवली आहे. तरी मी चालते. माझ्या पाठीवर बसलेल्या दोन बायकांचं काय झालं, ते आज तुम्हाला सांगते.

कारखान्यातून मी चकचकीत बाहेर पडले आणि संग्रामपूरच्या तुळशीराम मास्तरांच्या दारात आले. त्यांची मुलगी अर्पिता आरोग्य अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होती. खेड्यातल्या बायका दुखणं अंगावर का काढतात, घरखर्चाच्या ओढाताणीत नेमका त्यांचाच इलाज का मागे पडतो, हे तिला शोधायचं होतं. गावोगाव मीच तिला नेत असे. उन्हात तापले, काळ्या मातीच्या चिखलात रुतले, पण अडून बसले नाही. "माही गाडी हाय म्हणून माहा अभ्यास हाय," असं ती सगळ्यांना सांगायची. तेव्हा मला फार बरं वाटे.

सोनाळ्यात सबीहाचाची बांगड्या विकत. त्यांच्या अंगणात मी पत्र्याच्या सावलीला उभी राहत असे. आधी त्या काहीच बोलत नसत. अर्पिता जात राहिली, चहा पीत राहिली. एके दिवशी त्यांनी अंगणाचं फाटक लोटून घेतलं आणि माझ्याशेजारी बसून हळूच सांगितलं, की छातीत गाठ आहे. डॉक्टर बोलावतात, पण त्या जात नाहीत.

"काऊन, चाची?"

"पोरीचा रिश्ता जमून राह्यला. घरात अशी बिमारी हाय म्हनलं तं ते लोक मांगं सरतीन. निकाह झाला का जाईन. तू कोनाले सांगू नोको, बेटा."

"इतकी वाट नका पाहू, चाची. पण मी नाही सांगत. तुमचं नाव येणार नाही, गावाचंही नाही. शब्द देते."

अर्पिताने ती हकिकत नाव न घालता मार्गदर्शक सरांना दिली. खात्री करायची म्हणून सरांनी गाव विचारलं. गुरूच ते! तिने विश्वासाने सांगितलं.

थोड्याच दिवसांत पेपरात सरांचा लेख आला. 'सोनाळ्याची बांगडीवाली' असा मथळा. गाठ, मुलीचा रिश्ता, सगळं छापलेलं. लेखक म्हणून सरांचं एकट्याचं नाव.

अर्पिताने त्यांना कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाठलं. "सर, मी त्यांना शब्द दिला होता."

"नाव कुठे छापलंय मी?" सर हसले. "आणि पदवी हवी आहे ना? मग विषय वाढवू नका." माझ्या सीटवर थाप मारून ते निघून गेले.

आम्ही सोनाळ्याला पोहोचलो, तोवर रिश्ता तुटला होता. चाची दारातच उभ्या होत्या.

"बांगडीवाली गावात एकच हाय, बेटा. नाव कायले लागते?"

अर्पिताने विद्यापीठात तक्रार केली, सरांना सोडलं. नवीन मार्गदर्शक मिळेपर्यंत अभ्यास रखडला. चाचींची हकिकत तिने प्रबंधातून काढून टाकली, जरी सगळा प्रबंध तिच्यावरच उभा होता. सर मात्र आजही त्याच खुर्चीत बसतात.

मग एका सकाळी ती पुन्हा सोनाळ्याला गेली. "चाची, आता तरी दवाखान्यात चला."

चाचींनी दाराला कडी लावली. मग ओढणी सावरून माझ्यावर बसल्या. वाटेत त्यांनी अर्पिताच्या खांद्याला हात लावला नाही, मागची लोखंडी दांडी तेवढी घट्ट धरली. दवाखान्यापाशी उतरून म्हणाल्या, "इलाजाले येत जाईन तुह्यासंगं. पन माह्या घरात येऊ नोको."

मित्रांनो, उसवलेली सीट शिवता येते. पण कुणी फाटक लोटून तुम्हाला आपलं दुःख सांगितलं, तर ते जिवापलीकडे जपा. आपली हुशारी मिरवायला ते बाहेर काढू नका.

आजही इलाजाच्या दिवशी आम्ही सोनाळ्याला जातो. अंगणात शिरत नाही. रस्त्यावरच उभ्या राहतो.