डालग्याखालचं पिल्लू

सदुसष्ट सालच्या चैत्रात, भाईंदरच्या मिठागरावर नवऱ्याला, राघोला, भाकरी देऊन परतताना सुगंधाला बांधावर टिटवीचं पिल्लू दिसलं. मातीच्या रंगाचं, जमिनीला चिकटून पडलेलं. डोळे उघडे, पण हू नाही की चू नाही. डोक्यावर टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत होती. पण टिटव्या काय, ओरडतातच. बिचाऱ्याला कुणी नाही, असं सुगंधानं परस्पर ठरवून टाकलं आणि पिल्लू पदरात घेतलं. घरी येईपर्यंत स्वतःच्या दयाळूपणावर ती चांगलीच खूश होती.

कोंबड्या झाकायचं डालगं अंगणात होतं, त्याखाली तिनं पिल्लू ठेवलं. पुढ्यात दूधभात ठेवला. पिल्लू चोच उघडेना. राघो हसेल म्हणून त्याला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी टिटवी घरावर घिरट्या घालू लागली. आत सासरे महिपत तापानं फणफणले होते. ओरडणं ऐकून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझा बोलावना आला," ते म्हणाले.

शेजारची रखमाबाई दारातूनच बोलली, "टिटवी घरावर ओरडली का मानूस न्हाय ऱ्हात." राघो दगड घेऊन अंगणात धावला.

सुगंधाला एवढंच सांगायचं होतं की टिटवी माझ्यामुळं आलीय. पण घरावर अपशकुन ओढवून आणणारी सून म्हणून गावभर नाव झालं असतं. ती गप्प बसली, आणि गप्प बसल्याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीही टिटवी आली. महिपतनी पेज नाकारली, औषधाची पुडी परत केली. माझ्यामागं भांडू नका, असं राघोला सांगू लागले. सुगंधाला ऐकवेना. पिल्लू गुपचूप बांधावर सोडून यावं म्हणून तिनं डालगं उचललं. पिल्लू बांधावर पडलं होतं तसंच पडलं होतं. फक्त आता डोळे मिटलेले होते.

ते ओंजळीत घेऊन ती सासऱ्यांपुढे बसली. "मामा, ती तुमच्यासाठी न्हाय ओरडत. याच्यासाठी ओरडते. मीच आनला याला. हलत नव्हता, मना वाटला याला कोनी न्हाय."

"आय ओरडली का पोरं अशीच गप पडून ऱ्हातात," महिपत म्हणाले. "तिचाच ऐकत व्हता तो." मग एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "म्हंजे मी मरत न्हाय?"

ते खोकत खोकत हसले. राघो हसला, दारात आलेली रखमाबाईही हसली. म्हाताऱ्यानं पेज मागवली. सुगंधाला कुणी एका शब्दानं बोललं नाही. चार शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पिल्लू तिनं परसात पुरलं.

संध्याकाळी टिटवी पुन्हा आली. "सुगंधा, भायेर जा," महिपत पेज भुरकत मजेत म्हणाले, "तुझी पावनी आली. पोर मागते."

सगळे परत हसले. सुगंधा अंगणात आली. टिटवी डालग्यावरच घिरट्या घालत होती. सुगंधानं डालगं उचलून बाजूला धरलं, खाली काही नाही ते तिला दाखवलं.

टिटवी ओरडतच राहिली.