काकूंचं कुलूप

यज्ञेशला पाळणाघराबद्दल काहीही विचारलं की तो स्वतःकडे बोट दाखवतो. "मी वाढलो ना शुभाकाकूंकडे? काय वाईट झालं माझं?" आता या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं ठरवलं तर संसार होणार नाही. हा माणूस आंघोळीला जाताना बाथरूमची कडी लावत नाही. दार फटीएवढं उघडंच. पाहुणे आले की मी बाहेर पहारा देते आणि वर त्याची टिंगलही करते.

पण आमचा मुकुल सव्वा वर्षाचा झाला होता आणि सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं. रजा दोनदा वाढवून झाली होती. आता नाही आलात तर दुसरं कुणी बघतो, असं साहेबांनी सरळ सांगितलं होतं. मला ती नोकरी हवी होती. सासूबाई नाशिकला, माझी आई सांगलीला, दोघींचेही गुडघे कामातून गेलेले. म्हणजे पाळणाघर आलंच.

नाहूरचं एक बघून आले. भिंतीवर जिराफ, आईबापांच्या मोबाइलवर कॅमेरा, आणि मुलं टीव्हीसमोर ओळीनं बसवलेली. सांभाळणाऱ्या मुलीला एकाचंही नाव सांगता येईना. सगळ्यांना "बाळ" म्हणत होती. मी चहा न घेताच उठले.

शुभाकाकूंचं पाळणाघर आमच्याच मुलुंडच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. मी पहिल्यापासून संशयी, त्यामुळे सगळं तपासलं. संडास पाहिला, पिण्याचं पाणी पाहिलं, प्लग किती उंचावर आहेत ते पाहिलं, खिडक्यांच्या ग्रिल हलवून पाहिल्या. काकू मागोमाग हसत फिरत होत्या. "सासू म्हणून शोभशील गं, स्वरदा!" कुणाला वरण पातळ लागतं, कोण तुपाच्या वासानं तोंड फिरवतं, सगळं त्यांना पाठ. मुकुल त्यांच्या कडेवर गेला तो माझ्याकडे परत येईना. मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं.

सोसायटीतही विचारलं. जो तो म्हणे, "काकू कुलूप घातल्याशिवाय खाली उतरत नाहीत. पोर बाहेर जायची भीतीच नको." मलाही ते आवडलं. काकू खाली गेल्यावर आत कोण असतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

शुक्रवारी दुपारी मुकुलच्या लसीच्या कार्डाची झेरॉक्स द्यायला वर गेले. जाळीच्या सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप. आत एक चिमुरडी जाळीत बोटं अडकवून उभी होती, तिच्यामागे दोन पोरं फरशीवर, आणि आतल्या खोलीत कुणीतरी रडत होतं. मी हाका मारल्या. काकूंना फोन लावला तर तो घरातच वाजला. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

मी खाली बसले, जाळीतून त्या मुलीची बोटं धरली आणि तिच्याशी काहीबाही बोलत राहिले. बऱ्याच वेळानं काकू दोन शाळकरी मुलांना घेऊन, त्यांची दप्तरं खांद्यावर टाकून जिना चढून आल्या.

"बस मेली उशिरा आली," म्हणत त्यांनी कमरेची किल्ली काढली.

"काकू, आत गॅस चालू आहे!"

"वरणाचा कुकर आहे गं. आले ना मी."

"आणि आग लागली असती तर? खिडक्यांना ग्रिल, दाराला कुलूप. पोरं निघणार कुठून?"

"इतकी वर्षं अशीच मुलं आणतेय बसवरून. काही झालंय? दार उघडं टाकलं आणि एखादं जिन्यावरून गडगडलं, तर तूच येशील भांडायला." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "सुरुवातीला रडतात, नंतर सवय होते. तुझा यज्ञेश तर किती दिवस ही जाळी धरून रडायचा. पुढे गप्प झाला बिचारा."

हे त्या अगदी प्रेमानं सांगत होत्या, म्हणून मला जास्तच राग आला.

संध्याकाळी यज्ञेशला सांगितलं. "राईचा पर्वत करू नकोस यार," तो म्हणाला. मग जाळीचं सांगितलं. "मला आठवत नाही," एवढंच बोलला आणि मुकुलला उचलून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

शनिवारी तो आपणहून माझ्याबरोबर वर आला. काकूंनी पोहे पुढे केले. त्यानं खिळ्याला टांगलेलं कुलूप काढून हातात घेतलं.

"हेच का, काकू?"

"छे रे, तुझ्या वेळचं पितळेचं होतं."

"दुपारी खाली जाताना घरात एक मोठं माणूस ठेवा. ते मिळेपर्यंत मुकुल येणार नाही."

काकूंचे डोळे भरून आले. "माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुमच्यावर आहे हो. पण दार उघडायला आत कुणीतरी हवं."

आम्ही जिन्यापर्यंत पोचलो तेव्हा मागून काकूंचा आवाज आला, "माणूस बघते. आठवडाभर थांब."

तो आठवडा यज्ञेशनं रजा टाकली. सोमवारी सकाळी मी ऑफिसचे कपडे घालून मुकुलला खिमट भरवत होते. यज्ञेश आंघोळीला गेला होता, दार नेहमीसारखं फटीएवढं उघडं. वाऱ्यानं ते हळूहळू लागायला आलं. "कडी लाव रे" हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी उठले, दार लागू नये म्हणून मुकुलचं छोटं स्टूल फटीत सरकवलं, आणि उरलेलं खिमट भरवायला परत येऊन बसले.