काशम्माच्या घरातला संविधानाचा वर्ग

मित्रांनो, माझ्या काचेच्या कडेला तंबाखूची बारीक भुकटी बसलेली आहे. कितीही पुसलं तरी ती निघत नाही. मी एक जुना टॅब आहे, आणि माझी कामाची शेवटची वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात, विड्या वळणाऱ्या काशम्माच्या घरात गेली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी पुण्याच्या एका शिकवणीत गेलो. मुलांनी माझ्यावर गणितं कमी सोडवली, मोटारी जास्त पळवल्या. नवे टॅब आले तसं आम्हा जुन्यांना खोक्यात भरून विकून टाकलं. काशम्माची मुलगी पद्मजा मोहोळच्या शाळेत शिकवते. तिनं मला विकत घेतलं, पुसलं आणि आईकडे आणलं. वडील गेल्यापासून आई दिवसभर एकटी. संध्याकाळी माझ्या काचेत आईचं तोंड तरी दिसावं, एवढाच पद्मजाचा हेतू होता. आणि एक धास्ती होती. एकट्या बाईला कुणी फसवलं तर?

"ह्याला डोळा हाय की गं," काशम्मा मला निरखत म्हणाली.

"कॅमेरा आहे तो, अम्मा."

"तेच म्हनते. आपल्याला बगतो म्हंजे कुनालातरी सांगत असंल."

तिनं माझ्यावर टॉवेल टाकला. माझा निम्मा काळ त्या टॉवेलाखाली गेला.

काशम्माचा जगाबद्दलचा एक पक्का नियम होता. रागावतो तो खरा, गोड बोलतो तो ठग. विडी कारखान्यातला तपासनीस वाकड्या विड्या तोंडावर फेकायचा, पण मजुरी त्यानं कधी चुकवली नाही. भिशी चालवणारा मात्र 'अम्मा, अम्मा' करत घरोघरी चहा प्यायला आणि एके दिवशी पेठेतून नाहीसा झाला. तेव्हापासून कुणी नरमाईनं बोललं की काशम्मा दाराची कडी चाचपायची.

अशा घरात पद्मजानं संविधानाचा वर्ग सुरू करून दिला. दर रविवारी दुपारी, ऑनलाइन, कुणालाही, फुकट. "विड्या वळताना कान रिकामेच असतात ना, अम्मा," ती म्हणाली. शिकवणारे जोतिराम सर कुर्डुवाडीचे वकील होते. आपल्या घरातूनच शिकवायचे. मधेच रेल्वेची शिट्टी झाली की थांबायचे आणि म्हणायचे, "गाडीला आधी बोलू द्या."

शेजारची रुक्साना विडीची पानं आणि तंबाखू ठेवलेलं आपलं सूप घेऊन यायची. दोघी उंबऱ्याशी बसून पानं कापायच्या आणि माझ्याकडे चोरट्या नजरेनं बघायच्या.

"फुकट शिकवतेत म्हंजे कायतरी हाय बग, काशम्मा. आपलं नाव कशाला मागतेत?"

"म्हनून तर मी खोटं सांगितलं की. मायाक्का म्हनून."

"मायाक्का कोन?"

"कोनीच न्हाय. धरायला आले तर तिला धरतील."

त्यामुळे सर दर रविवारी हात जोडून म्हणायचे, "नमस्कार, मायाक्का. कशा आहात तुम्ही?" आणि काशम्मा रुक्सानाला कोपरानं ढोसायची. "बग. किती गोड. पक्का हाय ह्यो."

तरी ती ऐकायची. समानता ऐकून ती हसली. एका रविवारी मात्र तिचा हात विडीवर थांबला. सर सांगत होते, "कुणालाही अटक केली तर ती कशासाठी, हे त्याला सांगावं लागतं. त्याला वकिलाला भेटता येतं. हा उपकार नाही, हा तुमचा हक्क आहे." काशम्मानं दोरा दातात धरला आणि "आसं व्हय?" एवढंच पुटपुटली.

आता त्या दुपारबद्दल सांगतो. मी वाजलो. काशम्माला वाटलं पद्मजा असेल. तिनं टॉवेल काढला. काचेत खाकी गणवेशातला माणूस होता. मागं झेंडा, भिंतीवर नकाशा.

"काशम्मा कोण? तूच का? तुझ्या नावाचं पार्सल पकडलंय. आत नशेची पावडर आहे. तुला डिजिटल अटक झाली आहे. पडद्यासमोरून हलायचं नाही. कुणाला सांगितलंस तर मुलीलाही आत घालीन."

मित्रांनो, जी बाई वर्गातल्या सरांना खरं नाव सांगत नव्हती, तिनं या माणसाला हात जोडले. तो ओरडत होता. तो तिला 'तू' म्हणत होता. म्हणजे तो सरकारीच, याबद्दल तिला शंकाच उरली नाही. तिनं पाणी प्यायलासुद्धा त्याची परवानगी मागितली. रुक्सानानं बाहेरून हाक दिली, तर म्हणाली, "ताप हाय गं. मागनं ये." रुक्साना परत गेली. माझ्याच काचेतून सर आले होते आणि माझ्याच काचेतून हा आला होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

"बँकेचं पासबुक आण," तो म्हणाला.

तिनं आणलं. आयुष्यभर वळलेल्या विड्यांचा फंड त्यात होता. ते छातीशी धरून ती म्हणाली, "साहेब, पार्सल मी पाटवलंच न्हाय. कशापायी धरलं ते लिवून द्या की. मी कुर्डुवाडीच्या वकिलाला दावते."

तो माणूस पडद्याजवळ सरकला. मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "मावशी, वकील कशाला? मी तुमच्या मुलासारखा आहे. नंबर तेवढा वाचा, लगेच सोडतो तुम्हाला."

काशम्मानं मान वर केली. इतका वेळ खाली असलेले तिचे डोळे माझ्यावर रोखले गेले.

"मगाधरनं तू म्हनत हुतास. आता मावशी कशी झाले रे?"

आणि तिनं माझं बटण असं दाबलं की माझी कड कुरकुरली. बंद होताना इतकं सुख मला कधीच वाटलं नव्हतं.

रुक्सानाच्या फोनवरून कळताच संध्याकाळी पद्मजा मोहोळहून धावत आली. सायबर पोलिसांकडे तक्रार केली. आईला बसवून तिनं त्या दिवशीची उरलेली पानं स्वतः कापली.

रविवारी काशम्मानं पद्मजाला पहिल्यांदा माझा माइक उघडायला लावला. "सर, माजं नाव मायाक्का न्हाय. काशम्मा हाय. आन् एक सांगा. तुमी एवढं गोड का बोलता? लई भ्या वाटतं."

वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. "काशम्मा, खऱ्या सरकारी माणसानंही तुमच्याशी असंच बोलायला हवं. हळूहळू सवय होईल."

"बगू," काशम्मा म्हणाली.

सवय व्हायला तिला वेळ मिळाला नाही. त्याच वर्षीच्या थंडीत छातीचं दुखणं वाढलं आणि ती गेली. पद्मजानं घर आवरलं, पण मला विकलं नाही. पुढच्या रविवारी वर्गाच्या वेळी ती माझ्यासमोर बसली. पडद्यावरचं नाव वाचून सर म्हणाले, "नमस्कार, काशम्मा."

"अम्मा गेली, सर. मी तिची मुलगी," ती म्हणाली. थोडं थांबून पुढे म्हणाली, "तिचा एक प्रश्न राहिला होता. पोलीस खरा असेल आणि गोडही बोलेल, तर ओळखायचं कसं?"

सर खुर्ची पुढे ओढून बसले. मग म्हणाले, "ओळखपत्र मागा. कारण विचारा. जवळच्या ठाण्यात स्वतः फोन करून खात्री करा. खरा असेल तो विचारू देईल. आणि त्यातूनही शंका उरली, तर उरू द्या. शंका घेणं हा गुन्हा नाही."

पद्मजानं मान हलवली आणि वर्ग संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

मित्रांनो, माझी बॅटरी आता फुगू लागली आहे. मला टाकून दिलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त एवढं करा. घरात किंवा शेजारी कुणी म्हातारं माणूस पडद्यासमोर गप्प, घाबरून बसलेलं दिसलं, तर ते 'बरं नाही, नंतर ये' म्हणालं तरी दारातून मागे फिरू नका. आत जा. शेजारी बसा. आणि विचारा, कोण बोलतंय?