नुसत्या भाताचं पान

या, असे जवळ सरका. कीर्तनकार बुवांची बस यायला वेळ आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. देवाची नाही, भाताची आहे. पण देव त्यातही कुठेतरी बसलेला असणारच.

तिकडे तमिळ मुलखात, पापनाशमजवळ राजलक्ष्मीअक्कांची शेती. भाताचं वर्षाला एकच पीक, जुन्या जातीचं, माणसाच्या छातीला लागणारं. कापणीनंतर त्याच ओलीवर उडीद. उन्हाळ्यात खतासाठी शेतात मेंढ्या बसवायच्या, मग ताग पेरून तो जमिनीतच गाडायचा. त्यांचे यजमान अप्पाजी बँकेतून मुदतीआधीच निवृत्त होऊन घरी बसलेले. त्यांना हे पटेना. "सगळा देश पळतोय, आणि आपण जमीन मेंढ्यांना निजायला देतो," असं ते येईल-जाईल त्याला सांगत. त्यांना बोअर मारायची होती, संकरित बी आणून वर्षाला तीन पिकं काढायची होती.

त्याच सुमारास, मालाला त्याच्या मुलखाचं नाव लावू देणारा कायदा नवा नवा आला होता. तिथल्या शेतकरी संघाला वाटलं, आपल्या तांदळालाही तो शिक्का मिळावा. घरोघरची चव पाहायला त्यांनी राजगोपाल नावाच्या तरुणाला पाठवलं. अप्पाजी बायकोला म्हणाले, "तो म्हणाला हा तांदूळ वेगळा, तर शेत तुझ्या मर्जीनं. नाही म्हणाला, तर सोमवारी बोअरवाला."

राजगोपाल आला, शेत पाहिलं, हातपाय धुऊन पानावर बसला. अक्कांनी कोशिंबीर वाढली, घरच्या उडदाच्या पिठाची, दह्यात कालवलेली डांगर पचडी वाढली, सांबाराचं भांडं पुढे ओढलं.

"अम्मा, मला नुसता भात हवा."

"वाढते की. आधी हे."

"नुसता. मीठ नको, तूप नको."

अक्कांचा हात तिथेच थांबला. "पाहुण्याच्या पानात नुसता भात? अरे, तसा पिंडाला ठेवतात."

"सांबार घातलंत तर मी मार्क सांबाराला देईन, अम्मा."

नवं पान मांडलं. अक्कांनी भात वाढला, आणि सवयीच्या हातानं वर तूपही सोडलं. पुन्हा पान बदललं. या खेपेला कडेला लिंबाची एवढीशी फोड. "लावू नकोस, नुसती असू दे."

"वास येतो, अम्मा."

झोपाळ्यावरून अप्पाजी म्हणाले, "बोअरवाल्याला आजच बोलावू का?"

अक्कांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाहुण्याशेजारी दुसरं पान मांडलं. "या, बसा."

"मी कशाला?"

"एकट्या पाहुण्याला नुसता भात वाढला तर तो अपमान. घरधन्यानं शेजारी बसून तोच खाल्ला तर ते व्रत."

व्रत म्हटल्यावर अप्पाजी झोपाळ्यावरून उठले आणि पानावर बसले. त्यांनी जन्मात कधी पांढरा भात तोंडात घातला नव्हता; सांबारात बुडवून लाल केल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. कीर्तनात मृदंगवाला जोरात असला की बुवांचा शब्द कानी पडत नाही, तसं त्यांच्या जिभेचं झालेलं. आज मृदंग बंद. एक घास घेतला. दुसरा जरा सावकाश. मग पान पुढे सरकवलं.

"थोडा वाढ."

"सांबार?"

"सांबार कोणी मागितलं?"

राजगोपालनं पान मिटलं. "तांदूळ फार गोड आहे, अम्मा. पण खोटं कशाला बोलू? आजूबाजूच्या ज्या गावांत अजून अशी शेती करतात, तिथलाही असाच लागतो. शिक्का मिळालाच तर सगळ्यांना मिळून मिळेल. कधी, ते सांगता येत नाही."

अक्कांनी भांड्यावर झाकण ठेवलं. वेगळा आहे, असं तो म्हणाला नव्हता.

"म्हणजे सोमवारी बोअरवाला," त्या हळूच म्हणाल्या.

"येऊ दे," अप्पाजी हात धूत म्हणाले. "त्यालाही नुसता भात वाढ आणि परत पाठव. मेंढीवाल्याला निरोप गेलाय का?"

शिक्क्याचं मला अजून काही कळलेलं नाही. मेंढ्या मात्र त्या उन्हाळ्यात बसल्या, पुढच्याही बसल्या. तेव्हा तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: भातावर काही ओतायच्या आधी एक घास तसाच घ्या, आणि आमच्या राजलक्ष्मीअक्कांची आठवण काढा.